थंडी कानातून शिरते

४ जानेवारी, रविवार

झोळीत झोपायचं! रानात, जानेवारीत, दोन झाडांच्या मध्ये लोंबकळत! आणि बैठकीत सगळ्यांत आधी हात वर करणारा गाढव कोण, तर मी.

आज गुरुदत्तकडे आमच्या जर्मनीतल्या मराठी कट्ट्याची बैठक होती. यंदाची संक्रांत कुठे करायची? दरवर्षी तोच भाड्याचा हॉल, तोच गार झालेला साबुदाणा वडा. गुरुदत्त म्हणाला, 'यंदा काहीतरी हटके.' हा आमचा अध्यक्ष. पाच वर्षं बिनविरोध, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचंच नाहीये. गेल्या वर्षापासून त्याला रानात झोपायचं वेड लागलंय. पाठीवरचं वजन कमी व्हावं म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापलाय. पोट आहे तेवढंच आहे.

तर ठरलं— सतरा तारखेला, कायझर्सलाउटर्नच्या अलीकडच्या जंगलात, परवानगीच्या जागेवर, सगळ्यांनी झोळ्या बांधून एक रात्र काढायची. हॅमॉकला मराठीत काय म्हणायचं यावर पाऊण तास चर्चा. शुभाताई म्हणाल्या, झोळी म्हटलं की भिक्षा मागितल्यासारखं वाटतं. झुला म्हटलं तर लग्नाच्या हॉलमधला. शेवटी झोळीच! थंडीचं काय करायचं यावर तीन मिनिटं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, 'जयंतला नाही हं झेपणार.' झालं! मी ताडकन, 'अकरा हजार फुटांवर राहिलोय मी हिमालयात!' राहिलो होतो. दीड दिवस. नंतर पोट बिघडलं म्हणून खेचरावर घालून खाली आणलं. पण ते इथे कुणाला माहीत नाही, आणि ही वही कुणाला सांगायला जात नाही.

घरी येऊन बायकोला, विभावरीला सांगितलं. म्हणाली, 'जा तुम्ही बापलेक. मी घरी थांबते. हीटरला सोबत नको का कुणाची?'

५ जानेवारी

लेकीशी, अन्वीशी भांडण. भांडण तरी कसलं— भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं.

एप्रिलमध्ये आईची पंच्याहत्तरी. खरा वाढदिवस मार्चात, पण इथे शाळा बुडवता येत नाही. आईच म्हणाली, 'ईस्टरच्या सुट्टीत करा रे. जर्मनीच्या शाळेसाठी मी पंधरा दिवस उशिरा म्हातारी होते.' मिरजेत हॉल ठरला, आचारी ठरला. नातीसाठी तिने हिरवं परकर-पोलकं शिवून ठेवलंय— चौदा वर्षांच्या मुलीला परकर-पोलकं! आणि नात जर्मनमध्ये म्हणते, 'नाइन.' म्हणजे नाही. नोव्हेंबरपासून नाइन.

कारण? दोन वर्षांपूर्वी मिरजेत माझ्या पुतणीचं लग्न होतं. अन्वी सगळ्यांसमोर उभी राहून मराठीत चार वाक्यं बोलली. रात्री पंगतीत मी तिची नक्कल केली. गंमत म्हणून! तो गुळगुळीत र, ते प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर नेणं. सगळे पोट धरून हसले. पोरगी ताटावरून उठली. तेव्हापासून घरात मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आणि बाबाचा पापा झालाय.

आता एवढ्यातेवढ्यावरून दोन वर्षं कुणी धरून बसतं का? आम्ही काय कमी बोलणी खाल्ली लहानपणी!

आज मी चिडून म्हटलं, 'तू सांग, मी काय करू म्हणजे तू येशील?' तिने मोबाइलमधून मान वर केली. ही शाळेच्या फाडफिंडरमध्ये, म्हणजे स्काउटमध्ये आहे. दोन हिवाळे बाहेर झोपलीय. जर्मनमध्ये म्हणाली, 'सतरा तारखेला अख्खी रात्र झोळीत काढ. गाडीत पळायचं नाही. उजाडेपर्यंत राहिलास तर मी मिरजेला येते. पळालास तर पुन्हा विचारायचं नाही.'

'कबूल!'

'गाडीची किल्ली माझ्याकडे राहील.'

'गेनाऊ,' म्हणजे 'अगदी बरोबर', मी जर्मनमध्येच म्हटलं. तिला वाटलं मी तिची नक्कल करतोय. दार आपटून गेली.

८ जानेवारी

व्हॉट्सअॅपवर आज एकशे बारा मेसेज. गुरुदत्तने सामानाची एक्सेल पाठवलीय, त्यात चोवीस रकाने. चमच्याचं वजनसुद्धा.

संध्याकाळी त्याच्या बेसमेंटमध्ये मार्गदर्शन वर्ग. तिथे स्वराली नावाची मुलगी आली होती. नाशिकची, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करते. जंगलाची परवानगी तिनेच काढलीय. मला म्हणाली, 'काका, झोळीत थंडी खालून येते.' काका! मी सेहेचाळीसचा आहे!

तिचं म्हणणं असं— अंगाखाली जे काही घ्याल ते वजनाने दबतं. दबलं की त्यातली हवा जाते, हवा गेली की ऊबही जाते. म्हणून एक रजई झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला, सैल बांधायची. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. कट्ट्यासाठी तिने काही भाड्याने ठरवल्यात.

मी हसू दाबलं. बाहेरून बांधलेलं पांघरूण! म्हणजे गादी पलंगाखाली सरकवायची आणि आपण फळीवर झोपायचं. म्हटलं, 'स्वराली, तुमचं संशोधन चालू द्या. पण थंडी कानातून शिरते. आमच्या घरात तीन पिढ्यांना हे माहीत आहे.' चारपाच माना जोरात हलल्या. शेवटी अंडरक्विल्ट न घेणारा मी एकटाच.

रात्री आईचा फोन. 'कानटोपी घे. कानात कापूस घाल. तळपायाला तेल चोळ.' बघा! पीएचडी न करता.

१० जानेवारी

घरात तालीम. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाचं पत्र हवं. म्हणून बाल्कनीत बांधली. एक टोक कठड्याला, दुसरं पन्हाळीच्या पाइपला. बसलो. पाइप भिंतीपासून एक बोट पुढे आला. खालच्या आजीबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या आणि मी झोळीतून उतरेपर्यंत हलल्या नाहीत. संध्याकाळी दाराला चिठ्ठी. त्यात 'हाउसऑर्डनुंग', म्हणजे इमारतीचे नियम, हा शब्द तीनदा.

आईने शिवलेली गोधडी काढायला कपाट उघडलं. तिच्याबरोबर आईने तिची जुनी नारिंगी साडी बांधून दिली होती. बघतो तर साडी अर्धी कापलेली! अन्वीला विचारलं. हो म्हणे, मीच कापली. कशाला? फाडफिंडरच्या शिवणकामाला. आईची साडी! तंबूला ठिगळं लावायला!

मी बोलणार होतो, पण सतरा तारखेपर्यंत गप्प राहायचं ठरवलंय.

१४ जानेवारी, संक्रांत

विभावरीने तिळगूळ दिला. अन्वीने दिला नाही, पण माझ्या ताटातला उचलून खाल्ला. गोड बोलण्यात हे धरावं का?

१६ जानेवारी

उद्याचा अंदाज उणे सात. कट्ट्यावरच्या अकरा जणांना आज अचानक कंबरदुखी, पाहुणे आणि ऑफिसचं रिलीज. उरलो चौदा.

१७ जानेवारी, शनिवार, जंगलातून

पेन्सिलीने लिहितोय. बॉलपेन गोठलं.

दुपारी तीनला पोचलो. सगळे काळ्या कपड्यांत— संक्रांत ना! पांढऱ्या बर्फात चौदा काळी माणसं झाडांना दोऱ्या बांधतायत. कुत्रा फिरवायला आलेलं एक जोडपं लांबूनच परत फिरलं.

मग कार्यक्रम. उणे चार डिग्रीत दीपप्रज्वलन. काड्यापेटी अर्धी संपली, समई काही लागेना. शेवटी गुरुदत्तने एलईडीचा दिवा चालू केला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांतून टाळ्या वाजत नाहीत. मग प्रास्ताविक. अध्यक्षांचं 'निसर्ग आणि आपण' यावर वीस मिनिटं. मग हळदीकुंकू— कपाळं दिसेनात, म्हणून शुभाताईंनी सरळ टोप्यांना बोटं लावली. वाण म्हणून हात गरम करायच्या पुड्या दिल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बायका वाणावर खरंच खूश झालेल्या पाहिल्या. पुरुषांना नाही! पुरुषांना तिळाचे लाडू. ते असे गोठलेले की माझी डावी दाढ हलतेय.

अन्वीने दहा मिनिटांत स्वतःची झोळी बांधली, मग काही न बोलता माझी गाठ सोडून नीट बांधून दिली. तिच्या झोळीखालीही ते बाहेरचं पांघरूण लोंबतंय. चालायचंच. माझी तयारी— दोन थर्मल, दोन स्वेटर, स्लीपिंग बॅग, वर आईची गोधडी, त्यावर विभावरीची शाल, कानात कापूस, कानटोपी, टोपीवर मफलर. खाली झोळीचं कापड. कापडाखाली जर्मनी.

किल्ली तिच्या खिशात. मी म्हटलं, 'पंच तूच.' ती हसली की काय, अंधारात कळलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

सविस्तर लिहितो. साडेदहाला झोळीत शिरलो. म्हणजे पहिल्यांदा पलीकडे पडलो, मग शिरलो. अकरापर्यंत मजेत. साडेअकराला पाठीला गार लागलं. बाराला पाठ आहे की नाही ते कळेना. वरून इतकं पांघरूण की घाम फुटायचा, आणि खाली कुणी बर्फाच्या लादीवर निजवलंय. कूस बदलली— तर ती कूस गेली. गोधडी खाली घ्यावी म्हणून ओढली, ती दबून कागदासारखी झाली. कानातला कापूस आणखी आत कोंबला. उपयोग शून्य. दात असे वाजायला लागले की मफलर चावून धरला.

एकच्या सुमाराला लांब गाडीचं दार वाजलं. गुरुदत्त! चोवीस रकाने घेऊन अध्यक्ष गाडीत! त्या आवाजाने मला जेवढी ऊब आली तेवढी आयुष्यात कशानेही आली नसेल. पण ती दहा मिनिटंच टिकली.

मग नुसता पडून राहिलो. खोटं कशाला लिहू? दोनदा एक पाय बाहेर काढला. अन्वीला उठवून किल्ली मागावी, पत्करावी हार. तिची झोळी समोरच, सहा पावलांवर. पण मग आईचा हिरवा परकर डोळ्यांपुढे आला, आणि पाय परत आत घेतला.

झोप नाही, तर काय करणार— ती मिरजेची चार वाक्यं आठवली. 'नमस्कार. मी अन्वी. माझ्या ताईचं आज लग्न आहे. मला खूप आनंद झाला आहे.' आठवडाभर बाथरूममध्ये पाठ करत होती. मला अजून शब्दन् शब्द पाठ आहेत. नक्कल करायची म्हणून लक्षात ठेवले होते. हे तिथे, त्या थंडीत, फार वाईट वाटलं. आत्ता चहा पिताना तेवढं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

आणि मग— तीनच्या आसपास असेल— माझी झोळी हलली. हळूच. खालून काहीतरी घासल्यासारखं. डोक्याशी एकदा, पायाशी एकदा. रानडुक्कर! इथे आहेत, पाटीच लावलीय. मी डोळे गच्च मिटले, श्वास रोखला आणि मनात मारुतीस्तोत्र म्हणायला लागलो. मधली दोन कडवी आठवेनात, ती सोडून पुढे गेलो. आणि काय चमत्कार! स्तोत्र संपेपर्यंत पाठीला ऊब! खरी ऊब, दुलईतली! डुक्कर गेलं, थंडी गेली. कानटोपीचा परिणाम व्हायला वेळ लागतो म्हणायचा, पण होतो. इतका गाढ झोपलो की साडेआठला स्वरालीने हलवून उठवलं.

सगळ्यांच्या झोळ्या गुंडाळून झालेल्या, माझी मी उतरताच स्वरालीने गुंडाळली. अन्वीची झोळी रिकामी! शोधलं तर बाईसाहेब आमच्या गाडीत. तीन जाकिटं घालून, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ निळे. केव्हापासून? 'तीनपासून,' म्हणाली.

म्हणजे पंचच पळाला! बाप उजाडेपर्यंत झोळीत आणि फाडफिंडर गाडीत! मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. सगळे हसले. गुरुदत्त जरा कमी हसला. अन्वी काचेतून बाहेर बघत होती. मग एवढंच म्हणाली, 'तू जिंकलास, पापा. मी मिरजेला येते.'

शब्दाची पक्की आहे. माझ्यावर गेलीय.

२० जानेवारी

अन्वीला ताप, सर्दी, खोकला. शाळेला चिठ्ठी. मी तिच्या खोलीत जाऊन शांतपणे समजावलं— कान झाकले नाहीत, त्याचा हा परिणाम. नुसत्या उपकरणांवर विसंबून चालत नाही. शरीर कणखर लागतं, मन कणखर लागतं. आमच्या पिढीत ते होतं. तिने नाक शिंकरलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

विभावरी स्वयंपाकघरात आल्याचा काढा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तिला कधीतरी विचार, ती गाडीत का गेली ते.'

'थंडी वाजली म्हणून!'

'हं,' म्हणाली आणि आलं इतक्या जोरात ठेचलं की खालच्या आजीबाई परत चिठ्ठी लावणार.

२२ जानेवारी

मी आता कट्ट्यावर प्रसिद्ध आहे! गुरुदत्तचा फोन आला. अध्यक्षांना बोलताना त्रास होत होता. रविवारी रथसप्तमीचं हळदीकुंकू आहे, त्यात मी अर्धा तास अनुभवकथन करावं असा ठराव झालाय. विषय मीच सुचवला— 'हिवाळी झोळी: पारंपरिक ज्ञानाचा विजय.' स्लाइड करायला घेतल्या. पहिली— कान, शरीराचं मुख्य प्रवेशद्वार. सातवी— अंडरक्विल्ट, एक पाश्चात्त्य भ्रम.

तिकिटंही काढली. तिघांची. आईला सांगितलं. ती म्हणाली, 'परकर जरा लांब करून ठेवते.'

२४ जानेवारी

अन्वी बरी आहे. जेवताना मी नवव्या स्लाइडवरचा विनोद वाचून दाखवला— पंच गाडीत पळतो तो. विभावरी हसली नाही. अन्वी म्हणाली, 'गूट, पापा.' म्हणजे छान. ताट उचलून गेली. मिरजेसारखंच. आपल्या घरात विनोदाची जाण कमी झालीय.

स्वरालीकडे मागणी केलीय— त्या सकाळी मी झोळीत झोपलेला एखादा फोटो असेल तर पाठव. शेवटच्या स्लाइडला, पूर्ण पडदाभर.

२५ जानेवारी, रविवार

स्वरालीने फोटो पाठवला. खाली वेळ आहे, सकाळी सात बावन्न. मी झोळीत, तोंड उघडं, कानटोपी, मफलर. पडदाभर होतो का बघायला मोठा केला.

झोळीच्या खाली, बाहेरून, एक रजई बांधलेली. हाताने शिवलेली. चारी कडांना नारिंगी पट्टी. आईच्या साडीची.

व्याख्यान रद्द कळवलं. मग लॅपटॉप घेऊन अन्वीच्या दाराशी गेलो. तिच्यापुढे फोटो धरला.

'बाबा,' म्हणाली, 'तुझे दात खूप वाजत होते. आणि मला आजीकडे जायचं होतं.'

मराठीत म्हणाली. दोन वर्षांनी. थांबत, अडखळत, प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर नेत.

मी हसलो नाही.